लॅप टायमरचा लातूर पॅटर्न

आमच्या घरात सध्या दोन माणसं सेकंद मोजत बसतात. एक माझी पुतणी गौरी. ती नीटची तयारी करते: 180 प्रश्न, 180 मिनिटं, बरोबर उत्तराला 4 आणि चुकलं की 1 वजा. दुसरा मी. मला कसलीच परीक्षा नाही. वय सत्तेचाळीस, धंदा ठिबकचा. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरवर आमचं पोट चालतं, म्हणजे वेग हा आमच्याकडं कमी करून विकायचा माल. असल्या माणसाला गाडी ट्रॅकवर पळवायचं वेड लागावं, याला आई ग्रहमान म्हणते. बायको काहीच म्हणत नाही. तिनं गाडीचा विमा स्वतःच्या हातानं आणि वेळेच्या आधी भरायला सुरुवात केली, एवढंच. ट्रॅकवर तो विमा चालत नाही हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

लातुरात ट्रॅक नाही. नांदेडातही नाही. गोल फिरून परत त्याच जागी येणारा रस्ता म्हणावा तर गंजगोलाई एक. तिच्याकडं नंतर येतो. खऱ्या ट्रॅकसाठी मी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जातो, नऊशेच्या आसपास किलोमीटर. हे नाव मी घरात पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा आईनं पळत पाणी आणून दिलं होतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक 1990 सालापासून आहे. एक फेरी 3.717 किलोमीटरची, बारा वळणं, समोरून कुणी येत नाही, रस्त्यात म्हैस नाही, गतिरोधक नाही. मराठवाड्यातल्या माणसाला पहिले दोन तास हेच पचत नाही. मी पहिल्या फेरीत मोकळ्या रस्त्यावर तीनदा हॉर्न वाजवला.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, वीस-वीस मिनिटांच्या बॅचमध्ये सोडतात, आणि ज्यानं त्यानं आपल्याच आधीच्या वेळेशी भांडायचं. म्हणजे ती वेळ कुणीतरी मोजायला हवी. पहिल्या खेपेला ते काम माझ्या हार्डवेअरवाल्या दोस्ताकडं होतं. त्याच्या उजव्या हातात स्टॉपवॉच आणि डाव्या हातात मेदूवडा. ते स्टॉपवॉच आम्ही ट्यूशन एरियातल्या स्टेशनरीच्या दुकानातून घेतलं होतं, दुकानदारानं मला विचारलं होतं, “फिजिक्ससाठी पाहिजे का बायोलॉजीसाठी?” दोस्त म्हणाला, 2 मिनिटं 31 सेकंद. मी म्हणालो, शक्यच नाही, 2:28 च्या आत आहे, मला आतून कळतं. मग निघालं की त्यानं सुरुवात माझ्या गाडीला धरून केली होती आणि शेवट भलत्याच गाडीला. दोन्ही लाल होत्या. हे भांडण नेल्लोरपर्यंत पुरलं. तिथं जेवायला थांबलो आणि बिलावरून दुसरं सुरू झालं.

ठरवलं, आता यंत्र घ्यायचं. ज्याला लॅप टायमर म्हणतात ते. वेळही सांगतं आणि ती कुठं गेली तेही सांगतं.

घरात हा विषय काढला तेव्हा आई शेंगा फोडत होती. म्हणाली, “अरे, दोन-तीन सेकंदानं काय होतंय बाबा? तेवढ्यात तर शेंगसुद्धा फुटत नाही.” मी तिला अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा पोरगा, म्हणजे आपल्यातलाच. 2022 साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेस पळाला. पहिल्या आलेल्या केनियाच्या किबिवोटची वेळ 8 मिनिटं 11.15 सेकंद, साबळेची 8 मिनिटं 11.20. आठ मिनिटं अडथळ्यांवरून आणि पाण्यातून उड्या मारायच्या आणि सोनं जायचं सेकंदाच्या विसाव्या हिश्शात. 1984 साली लॉस एंजलिसला पी. टी. उषाचं ब्राँझ तर शंभराव्या हिश्शानं गेलं. आईनं शेंगा खाली ठेवल्या. म्हणाली, “लेकराला कुणी सांगितलं नव्हतं का, जरा हात पुढं कर म्हणून?”

मग मला चेव आला. 1997 साली स्पेनमधल्या हेरेझला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत तीन ड्रायव्हरांची वेळ हजाराव्या हिश्शापर्यंत सारखीच आली होती: व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंटझेन, तिघंही 1 मिनिट 21.072 सेकंद. आई म्हणाली, तिघांना पहिला नंबर द्यायचा, त्यात काय. गौरी आतल्या खोलीतून ओरडली, “टाय झाला तर आधी बायोलॉजी बघतात, आजी.” तिला सांगितलं की तिथं बायोलॉजी नसते, ज्यानं ती वेळ आधी नोंदवली तो पुढं. व्हिलनव्ह आधी गेला होता. गौरी म्हणाली, “म्हणजे ज्यानं पेपर आधी टाकला तो पहिला? हे आमच्याकडं चालणार नाही.” लातुरात कुठलीही गोष्ट नीटच्या नियमात बसते का हे आधी बघतात.

सर्वात स्वस्त उपाय म्हणून फोनमध्ये रेसक्रोनो नावाचं ऍप टाकलं. हॅरीज लॅपटायमर म्हणून दुसरंही आहे. काम एकच: नकाशावर रस्त्याला आडवी एक रेघ मारायची, ती ओलांडली की फेरी सुरू, परत ओलांडली की फेरी संपली. गोम अशी की फोनमधला जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच आपली जागा सांगतो. गाडी ताशी 100 किलोमीटरनं पळत असेल तर एका सेकंदात ती जवळपास 28 मीटर जाते. क्रिकेटचं पिच 20 मीटरचं. म्हणजे बॉलर ते विकेटकीपर सगळा प्रकार दोन नोंदींच्या मधे उरकून जातो आणि फोनला पत्ता नसतो. मधलं ऍप अंदाजानं भरतं. आमच्याकडं पीक पाहणी अशीच होते.

तरी म्हटलं, आधी बघावं तरी. आणि लातुरात गोल फेरी म्हटली की गंजगोलाई.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: 1917 साली बांधलेली दुमजली गोल इमारत, मधे अंबाबाईचं देऊळ, आणि सगळीकडून मिळून सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात. कुठल्या रस्त्यानं आलो आणि कुठल्यानं बाहेर पडायचं हे अजून मलाही एका झटक्यात सांगता येत नाही, आणि माझा जन्म इथला. एखादा पाहुणा सराफ्याकडून आत शिरतो आणि भांड्याच्या बाजारातून बाहेर पडतो, तोवर त्याची खरेदी आपोआप झालेली असते. ज्यानं कुणी हे आखलं त्याच्या डोक्यात व्यापार होता. माझ्यासाठी त्यानं ट्रॅक आखून ठेवला.

पहाटे साडेपाचला गेलो. देवळात काकड्याची वेळ, रस्त्यावर झाडूवाले आणि दुधाची गाडी. एका बांगड्यांच्या बंद दुकानासमोर नकाशावर रेघ मारली आणि तिसऱ्या गिअरला हात न लावता, सभ्य माणसासारखी, एक फेरी घातली. 1 मिनिट 10 सेकंद. फोननं ही माझी सर्वोत्तम फेरी म्हणून जतन केली आणि वर हिरव्या अक्षरात अभिनंदन केलं. माणसाला एवढंच लागतं.

संध्याकाळी, शनिवार बघून, परत गेलो. यंत्र गर्दीत कसं वागतं ते बघायचं होतं. आता पडद्यावर डेल्टा दिसत होता. डेल्टा म्हणजे सर्वोत्तम फेरीच्या मानानं तुम्ही या क्षणी किती पुढं किंवा मागं; पुढं असलात तर हिरवा, मागं पडलात तर लाल. केळीच्या हातगाड्यापाशी तो अधिक 40 सेकंद झाला. एक आजोबा गाडीच्या बॉनेटवर पिशवी टेकवून चिल्लर मोजत होते, तेवढ्यात अधिक 2 मिनिटं. पुढं एक नवरी आणि तिच्या मागं तेरा माणसं शालू घेऊन निघाली. त्यांना पुढं जाऊ दिलं. एका पोरानं काचेवर टकटक करून विचारलं, “काका, नकाशा बिघडला का? किती वेळचं गोल फिरायलाव.” फेरी पुरी झाली तेव्हा 9 मिनिटं 41 सेकंद. डेल्टा अधिक 8:31, लालभडक. ऍपनं विनम्रपणे सुचवलं की ब्रेकिंग सुधारायला वाव आहे.

पण खरा चमत्कार पुढं झाला. दुसऱ्या फेरीच्या शेवटी बांगड्यांच्या दुकानासमोर, अगदी त्या रेघेवरच, गाडी अडकली. पुढं टेंपो, मागं टेंपो, बाजूला बैलगाडी. मी हँडब्रेक ओढून बसलो. गाडी थांबली की जीपीएसला चैन पडत नाही. त्याच्या मते तुम्ही थोडं इकडं असता, मग थोडं तिकडं असता. माझा ठिपका रेघेच्या अलीकडं गेला, पलीकडं आला, परत अलीकडं. आणि ऍपनं जाहीर केलं: नवी सर्वोत्तम फेरी, 4.2 सेकंद.

याच गोष्टीपायी मी नांदेडला गेलो. तिथं आमचे दाजी असतात. बहिणीचे यजमान, शेती हदगावकडं, राहायला नांदेडात, आणि बैलांच्या शर्यतीतला मुरलेला माणूस. विदर्भ जवळ असल्यानं त्या भागात शंकरपटाचं वेड. 2014 सालची बंदी, 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दिलेली परवानगी आणि 18 मे 2023 चा पाच न्यायमूर्तींचा निकाल, या तारखा दाजींना स्वतःच्या लेकरांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ आहेत. वेळ मोजण्यातला अनुभव म्हणाल तर त्यांच्याएवढा आमच्या नात्यात कुणाला नाही. “आमच्या वेळंला दोन माणसं घड्याळ धरायची,” ते सांगतात, “एक आपल्या गावचा, एक त्यांच्या गावचा. झेंडी खरंच पडली का नुसता हात हलला, यावर जेवढा वेळ जायचा तेवढ्यात पुढच्या दहा जोड्या सुटल्या असत्या.” हे ऐकून मला माझा मेदूवडेवाला दोस्त आठवला.

लातूर-नांदेड रस्ता आता रुंद झालाय. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा. लोह्याच्या जवळच माळेगाव, खंडोबाची यात्रा भरते ते. दाजी दर साली जातात. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी बैल, कुस्त्या, तमाशे. बैल विकत घेणं काय असतं ते मी तिथं त्यांच्याकडून बघितलंय. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे. दोनदाती, चारदाती, जुळलेला, असं वय ठरतं. मग हेडी हातावर रुमाल टाकतो आणि रुमालाखाली बोटं धरून भाव होतो. बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही, शेजाऱ्याचा बैल किती रुपयाला गेला. इंटरनेटवरून आयात माल मागवताना मला या रुमालाची फार आठवण येते. डब्याची किंमत एक, तिच्यावर जहाजभाडं, त्याच्यावर सीमाशुल्क, मग करावर कर. आणि शेवटचा आकडा पडला की कळतं, रुमालाखाली आपलंच बोट पिरगाळलंय.

दाजींच्या ओसरीवर मी सगळा बाजार मांडला. इटलीच्या एम कंपनीचं सोलो 2: स्वतःचा पडदा, स्वतःचा जीपीएस, आणि त्याचा मोठा भाऊ तर गाडीच्या संगणकाला वायर लावून इंजिनचं सगळं लिहून घेतो. इंग्लंडच्या रेसलॉजिकचं व्हीबॉक्स: गाड्यांच्या कंपन्या चाचणीला वापरतात ते, त्याचा भाव मी दाजींना सांगितला नाही. गार्मिनचं कॅटॅलिस्ट: ते गाडी चालवताना कानात बोलतं, पुढच्या वळणाला उशिरा ब्रेक मार म्हणतं. आणि रेसबॉक्स मिनी नावाची मुठीत मावणारी डबी, जिला पडदाच नाही, ती ब्ल्यूटूथनं फोनला माहिती देते. सेकंदाला 25 वेळा जागा सांगते. ही डबी पुण्याच्या एका ओळखीच्या पोराकडून आठ दिवसांसाठी उसनी आणली होती.

दाजींनी डबी हातात घेतली, उलटीपालटी केली.

“दात किती?”

“दात नसतात दाजी, हर्ट्झ असतात. पंचवीस.”

“म्हंजे जुळलेली हाय,” दाजी म्हणाले. “आन् फोनला?”

“एक.”

“मग त्या वासराला कामून जुंपायलास?”

लॅप टायमरवर याहून नेमका सल्ला मला आजवर कुठं मिळालेला नाही. ताशी 100 ला सेकंदाला 10 नोंदी घेणारं यंत्र दर 2.8 मीटरला एकदा बघतं, 25 वालं दर 1.1 मीटरला. वळणाचं वर्तन बघायला एवढं बस्स होतं. जागा ते दोन-तीन मीटरनं चुकवतं, खरंय. पण त्याच दिवशी प्रत्येक फेरीला साधारण त्याच बाजूला चुकवतं, त्यामुळं फेरीची वेळ बिघडत नाही. हे दाजींना समजावायला लागलं नाही. मोजणीत बांध दोन हात सरकला तरी दोन्ही टोकांना सारखाच सरकला तर भांडण होत नाही, हे त्यांना कोर्टाच्या खर्चानं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हदगावला शेतात दाजींच्या पोरानं जोडी सरावाला काढली. पट नव्हता, नुसती पळवून आणायची होती, काठीही न लावता. मी डबी छकड्याच्या दांडीला चिकटपट्टीनं बांधली. धुरकरी बसला, बैल सुटले, धूळ उडाली आणि आमच्या ओरडण्यात सगळं संपलं. फोनवर आलेख उघडला. सर्वोच्च वेग ताशी 36 किलोमीटर. छकडा उडत होता त्यामुळं हादऱ्यांचा आलेख म्हणजे खड्ड्यातून चाललेल्या एसटीत बसून केलेली सही. पण वेगाचा आलेख बघण्यासारखा होता. खालून निघाला तो सरळ वर, मधे कुठंही सपाटी नाही, आणि शेवटी बैल उसाच्या कडेला थांबले तिथं एकदम खाली.

दाजी बराच वेळ बघत राहिले. “बैल मधी थांबून इचार करत न्हाई,” एवढंच बोलले.

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

उसन्या डबीचे तीन दिवस उरले असताना परत इरुंगट्टुकोट्टईला गेलो. दोन दिवसांचा ट्रॅक डे, शनिवार आणि रविवार. या खेपेला गाडीत नवं ब्रेक फ्लुइड घातलं होतं, कारण पहिल्या खेपेला चौथ्या फेरीत ब्रेकचा पेडल कणकेत पाय रोवल्यासारखा खाली गेला होता. (टायमर घ्यायच्या विचारात असाल तर आधी ब्रेक फ्लुइड, मग ब्रेक पॅड, मग टायर, आणि पैसे उरले तर टायमर. हा क्रम मी उलटा करून बघितलाय.) शनिवारी सर्वोत्तम फेरी 2 मिनिटं 29.8 सेकंद. मेदूवडेवाला दोस्त माझ्यापेक्षा खूश झाला, कारण मागचे त्याचे 2:31 आता खरे ठरण्याची शक्यता वाढली होती. सरासरी ताशी 89 किलोमीटर. 2011 साली नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर सेबास्टियन वेटेलनं 5.125 किलोमीटरची फेरी 1 मिनिट 27.249 सेकंदांत मारली होती. त्याची सरासरी पडते 211. हे मी संध्याकाळी फोनवर दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, “त्याला पगार हाय. आन् तुझ्यावाणी 89 नं तर आमची ट्रॅव्हल्स अहमदपूरच्या पुढं चालते, वरून पिच्चरबी दाखवते.”

डबीनं फोनला दिलेली फाईल गौरीला पाठवली. लॅपटॉप तिच्याकडं होता, आणि आलेख वाचायची सवयही. तिच्या क्लासमध्ये दर टेस्टनंतर हेच चालतं: कुठल्या धड्यात किती वेळ, कुठला प्रश्न सोडला, कुठला चुकला, मागच्या आठवड्यापेक्षा रँक किती खाली. लातूर पॅटर्न म्हणतात तो यापेक्षा फारसा वेगळा नाही. तिकडं टेलिमेट्री म्हणतात, इकडं रिझल्ट लावणं. तिनं पंधरा मिनिटं मागितली. बरोबर पंधराव्या मिनिटाला फोन आला.

“काका, आयडियल लॅप म्हणून 2:26 कशाचा दाखवतंय? तुम्ही तर तेवढा मारलाच नाही.”

मी सांगितलं: प्रत्येक फेरीतला जो तुकडा सर्वात चांगला, तो तो उचलून यंत्र एक काल्पनिक फेरी बनवतं.

“म्हणजे एका टेस्टमधली फिजिक्स, दुसरीतली केमिस्ट्री आणि तिसरीतली बायो जोडून टोटल काढायची? आमच्या सरांना सांगितलं तर मला वर्गाबाहेर उभं करतील.”

“ते राहू दे. वेळ कुठं जातोय ते सांग. वळणात हळू आहे ना मी?”

“नाही. वळणात ठीक आहात. ब्रेक मारला की रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते, ऍक्सिलरेटर दिला की चढते. बरोबर? पण प्रत्येक वळणाच्या आधी एक तुकडा आहे, तिथं रेघ ना पडते ना चढते. नुसती उतरंडीसारखी घरंगळते. तिथं तुम्ही काय करता?”

मी आठवून बघितलं. तिथं मी काहीच करत नव्हतो. ऍक्सिलरेटरवरून पाय काढून ठेवायचो आणि ब्रेक आत्ता मारू का जरा पुढं मारू, असा विचार करायचो.

“एका वळणाला सव्वा ते पावणेदोन सेकंद,” गौरी म्हणाली. “बारा वळणं. मी बेरीज केली, सतरा सेकंद. काका, तुमचे चुकलेले प्रश्न फार नाहीत. तुमचे सोडलेलेच लई आहेत. मायनस मार्किंगला भ्यायलाव तुम्ही.”

एवढं बोलून तिनं फोन ठेवला, कारण तिचा रिव्हिजनचा वेळ सुरू झाला होता. मी चेन्नईजवळच्या लॉजच्या खाटेवर बसून राहिलो. सतरा सेकंद. मी गाडीला जास्त पॉवर पाहिजे म्हणून पुण्याला एका गॅरेजवाल्याशी बोलणी करत होतो. ठिबकच्या धंद्यात मला हे चांगलं कळतं: शेतकरी म्हणतो पंप मोठा पाहिजे, आणि बघायला जावं तर फिल्टर चोंदलेला असतो.

रविवारी सकाळी दाजींचं बैलांबद्दलचं वाक्य डोक्यात घेऊन गेलो. एक तर पाय ऍक्सिलरेटरवर, नाहीतर ब्रेकवर; मधे कुठं विश्रांती नाही. पहिल्याच बॅचमध्ये एका वळणाला ब्रेक इतक्या उशिरा मारला की गाडी सरळ मातीत गेली आणि मी धुळीच्या ढगात बसून वायपर चालवत राहिलो. वजा 1. पण त्यानंतर 2:27, मग 2:26, आणि जेवणाच्या आधीच्या बॅचमध्ये 2:24.6. यंत्रानं काल ज्याला माझी आदर्श फेरी म्हटलं होतं, तिच्यापेक्षाही कमी. गौरीला मेसेज केला. तिचं उत्तर आलं: “छान. अजून बारा सेकंद सुटलेले आहेत.” पोरगी ज्या क्लासला जाते तिथली शाबासकी अशीच असते.

शेवटी काय घेतलं, ते. पंचवीस दाती डबी घेतली. पडद्याचं यंत्र नाही घेतलं. डेल्टा लाल झाला की तो वाचायला मी ऍक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि म्हणूनच तो आणखी लाल होतो, हे गोलाईतच कळलं होतं. गाडी चालवताना फोन आता डिकीत असतो. गाडीच्या संगणकाला लावायचं ओबीडी डोंगल घेतलं नाही. ते एकेक प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतं, तहसीलच्या खिडकीसारखं. आणि मला जे पाहिजे होतं ते नुसत्या वेगाच्या रेघेत दिसलं. कानात बोलणारं यंत्र घेतलं नाही, कारण ते उशिरा ब्रेक मार म्हणेल, भ्यायलाव म्हणणार नाही. स्टॉपवॉच गौरीला दिलं. ती म्हणाली, फिजिक्सला वापरीन.

मेदूवडेवाल्या दोस्ताच्या आणि माझ्या त्या 2:31 च्या वादाचा निकाल लागलेला नाही. त्या दिवसाची कुठलीही नोंद नाही, आणि दोघांनाही आता तो मिटवायचा नाही.

फोनमधलं ऍप अजून आहे. गंजगोलाईची पहाटेची 1 मिनिट 10 सेकंदांची फेरी त्यात आता दुसऱ्या क्रमांकावर दिसते. पहिल्या क्रमांकावर बांगड्यांच्या दुकानासमोरची ती 4.2 सेकंदांची फेरी आहे. ती करताना गाडी हँडब्रेकवर होती, आणि मी शेंगदाणे खात होतो.